वसीलाची दुसरी स्लाइड

आमच्या विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर दुकानं आठ, पण चालतात दोनच. बाकीची नुसती उघडी असतात. एक माझं मिठाईचं आणि दुसरं वसीलाचं. कारण साधं आहे. प्रबंध मांडायला उभं राहायचं तर पोरांना दोन गोष्टी लागतात. पडद्यावर दाखवायला स्लाइड आणि टेबलावर मांडायला मिठाई. स्लाइड वाईट निघाली तर मिठाई सावरून नेते, असं मी म्हणते. मिठाई वाईट निघाली तर देवसुद्धा सावरू शकत नाही, असंही मीच म्हणते. वसीला दोन्ही वेळा नुसती हसते आणि काम करत राहते.

मी फतीहा. सतरा वर्षं झाली मला इथे. माझी अक्रोडाची जौझिया खाऊन गेलेले परीक्षक अल्जीयर्सहून निरोप पाठवतात, पुन्हा कधी बोलावताय म्हणून. माझा एकच नियम आहे. निकाल लागेपर्यंत टेबलावरचं कापड उचलायचं नाही. एकदा एका परीक्षकांनी कापडाखालच्या खजुराच्या मकरूदला हात घातला, मी त्या हातावर फटका मारला. "प्राध्यापक असाल तुमच्या वर्गात," म्हटलं, "इथे आधी निकाल, मग मकरूद." जिचा प्रबंध होता ती पोरगी बिचारी घाबरून पांढरी पडली, पण पास झाली.

तर सांगायचंय ते वसीलाचं. तिच्या काचेवर लिहिलंय, झेरॉक्स, टायपिंग, बांधणी. स्लाइडचा उल्लेख कुठेच नाही, आणि जून लागला की रांग त्याचीच. पोरं पेन ड्राइव्ह घेऊन येतात आणि सगळी एकच वाक्य बोलतात. "मॅडम, तयारच आहे, फक्त जरा सुंदर करून द्या."

वसीला उघडून बघते. आत लग्न लागलेलं असतं. गुलाब, मावळता सूर्य, पेटती मेणबत्ती, अक्षरं एकेक करून आकाशातून पडतायत.

एकदा गुरांच्या डॉक्टरकीचा एक पोरगा आला. मेंढ्यांच्या खुरांच्या रोगावर प्रबंध. त्याच्या प्रत्येक स्लाइडवर एक मेंढी बाजूने उडत यायची, गिरकी घ्यायची आणि मग जागेवर बसायची. वसीलानं शांतपणे सगळ्या एकवीस मेंढ्या बघितल्या.

"हिला खुराचा रोग आहे ना?" तिनं विचारलं.

"हो मॅडम, तिसऱ्या टप्प्यातला."

"मग ही एवढी नाचते कशी?"

तिनं एक बटण दाबलं आणि एकवीसच्या एकवीस मेंढ्या जागेवर उभ्या राहिल्या. मग सतरा प्रकारची अक्षरं होती त्यांची दोन केली, फोटो हलके केले, अरबी मजकूर उजवीकडे लावला, फ्रेंच डावीकडे, एका स्लाइडवर सहाच ओळी ठेवल्या. पोरगा म्हणाला, "मॅडम, पण जरा साधं नाही वाटत?" ती म्हणाली, "सुंदर लग्नात दिसायचं असतं. इथे शेवटच्या रांगेत बसलेल्या तुझ्या आजोबांना वाचता आलं पाहिजे."

आणि जाताना प्रत्येकाला तिचा एक डोस ठरलेला. फाइल आता कोणी हातात नेत नाही, लिंक पाठवतात. तेव्हा ती चष्म्यावरून बघून विचारायची, "लिंक देताना काय बघायचं?" पोरांना पाठ झालेलं. "बघायला देतोय की बदलायला, ते बघायचं." मग ती म्हणायची, "शाबास. घराचा पत्ता आणि घराची किल्ली यात फरक असतो." गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या स्वप्नातसुद्धा कोणी पत्ता विचारला तर मी आधी किल्ली चाचपते.

आता हीच बाई स्वतःच्या घराची किल्ली साऱ्या खानदानाला वाटून बसली, ती गोष्ट.

पण त्याआधी हे ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही. वसीला स्वतः त्या पोरांच्या वयात पास झालेली नव्हती. ग्रंथालयशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती, एकवीस वर्षांची, तेव्हा ती वाईट वर्षं सुरू झाली. अतिरेकी पोलिसांच्या वेशात रस्त्यात खोटे नाके लावायचे, बसमधून माणसं उतरवायचे, त्यातली काही घरी पोचायची नाहीत. हिवाळ्यातल्या एका सकाळी तिचे वडील, हाज अम्मार, तिच्यामागून बसथांब्यावर आले. तिच्या हातातली पुस्तकांची पिशवी काढून घेतली आणि काही न बोलता घराकडे चालायला लागले. पिशवीमागून ती गेली. झालं शिक्षण. मग ती झेरॉक्सच्या दुकानात टायपिंगला बसली, पुढे ते दुकानच तिचं झालं, आणि जी पोरं पास होणार होती त्यांच्या स्लाइड ती नीट करत राहिली.

लग्न केलं नाही. आई गेल्यापासून बाप आणि लेक एका घरात. हाज अम्मार आता ब्याऐंशीचे. सकाळी नमाज, मग पिंजऱ्यातल्या मकनीनची बडदास्त. एवढासा लाल तोंडाचा पक्षी, पण त्याची मिजास एखाद्या मंत्र्यासारखी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशन म्हटलं की हाज अम्मार कानानंही बहिरे होतात. फोन नाकाला टेकवून वाचतील, पण समोरून येणारा माणूस ओळखणार नाहीत. मला दोनदा पोस्टमन समजून सलाम केलाय.

दोन वर्षांपूर्वी वसीला एके दिवशी माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "फतीहा मावशी, मी नाव घातलं."

"कशात?"

"मास्टरला. राहिलेलं वर्ष बाहेरून पूर्ण केलं, कोणाला सांगितलं नव्हतं."

माझ्या हातातला चमचा मधात पडला. वय सत्तेचाळीस, वर्गातली पोरं तिच्याच गिऱ्हाइकांपैकी. मी म्हटलं, आता ही काय विषय घेणार, कपाटं आणि पुस्तकांचे नंबर असलं काहीतरी. तर नाही. बाईनं विषय घेतला अर्पणपत्रिकांचा.

आमच्याकडे प्रबंधाचं पहिलं पान अर्पणपत्रिकेचं आणि पडद्यावरची दुसरी स्लाइडही तिचीच. आई, वडील, भावंडं, आत्या, मावश्या, गेलेले, राहिलेले. एखाद्या काकूचं नाव सुटलं तर ती पुढच्या तीन ईदांना दारात पाऊल ठेवत नाही. प्रबंध कशावर आहे ते हॉलमधल्या कोणालाच कळत नसतं, पण दुसरी स्लाइड आली की मागच्या रांगेपर्यंत माना उंच होतात.

वसीला ग्रंथालयाच्या तळघरात बसून नऊशे प्रबंधांच्या अर्पणपत्रिका वाचत बसली. एवढ्यावर थांबली नाही. त्यातल्या साठ जणांना शोधून काढून विचारलं, की बाबा, ज्याला तू अर्पण केलंस त्यानं तुझ्यासाठी नेमकं केलं काय? मला तर हा सरळ भांडणं लावायचा धंदा वाटला. पण त्यातून तिला जे सापडलं ते तिनं नवव्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. ज्यानं खरंच काही केलं होतं त्याच्यासाठी लोक एकदोन शब्द लिहितात. ज्यानं काही केलं नव्हतं त्याच्यासाठी चार ओळी. ओळ जितकी लांब, तितका माणूस लांब.

मी ते वाचलं आणि माझ्या नवऱ्याच्या कबरीवरच्या दगडावर काय कोरून घेतलंय ते आठवून तिला घाईघाईनं दहावी स्लाइड उघडायला सांगितली.

मे महिन्यात मी विचारलं, "तुझ्या दुसऱ्या स्लाइडवर काय?"

"आई."

"आणि?"

"आणि काही नाही."

"अगं, हाज अम्मार?"

ती कागद कापत होती, कापत राहिली.

"वसीला, गल्लीतले सगळे येणार. परीक्षकांना तुझा विषय माहीत आहे, ते पहिलं तेच बघणार. बापाचं नाव नाही म्हटल्यावर म्हाताऱ्यानं तोंड कुठे लपवायचं? एक ओळ टाक की. तुझं काय जातंय?"

"मावशी, नऊशे वाचल्यात मी. तुझं काय जातंय म्हणून टाकलेल्या ओळीचा मला लांबून वास येतो."

"काळ तसा होता, बाई."

"काळ वाईट होता ते मला कळतं," ती म्हणाली. "मी त्यांच्या जागी असते तर मीही ओढत आणलं असतं. पण काळ सुधारल्यावर? बस सुरू झाल्या, माझ्याबरोबरच्या पोरी परत गेल्या. तेव्हा एकदा म्हणायचं होतं, जा. मी वाट बघितली, दोन वर्षं. ते पिंजरा साफ करत बसले."

मी चहाचे पेले उचलले. पण मनातून मला धास्ती होती. सोमवारी सकाळी दहाला सगळ्या गावासमोर या पोरीला ते अठ्ठावीस वर्षांचं दुखणं पडद्यावर मांडायचं होतं. नाव टाकलं तर ती खोटी ठरणार, नाही टाकलं तर बाप उघडा पडणार. आणि खरं सांगू का, त्या स्लाइडवर माझं नाव असावं अशी माझीही इच्छा होती. सतरा वर्षं दुपारचा चहा मी पाजते तिला.

गुरुवारी दुकान बंद करायच्या वेळी तिचा धाकटा भाऊ मुकदाद आला. हा विम्याच्या कचेरीत असतो आणि सगळ्या जगाचा विमा आपणच उतरवलाय अशा थाटात वावरतो. म्हणाला, "ताई, बाबांना हॉलमध्ये काही दिसणार नाही. आधी फोनवर पाठव म्हणजे नाकाशी धरून वाचतील. घरच्या ग्रुपवरच टाक, आत्याही मागतेय."

वसीला दिवसभर दुसऱ्यांच्या स्लाइड करून दमलेली. लिंक काढली, ग्रुपवर टाकली, कुलूप लावलं. बघायला की बदलायला, ते बघितलं नाही. वर्षानुवर्षं पोरांकडून पाठ करून घेतलेला धडा मास्तरणीलाच आठवला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पुढचा दिवस शुक्रवार. कुसकुस खाऊन सगळं खानदान लोळत पडलेलं आणि प्रत्येकाच्या हातात फोन.

रविवारी सकाळी ती दुकानात आली, फाइल उघडली आणि मला हाक मारली. नुसतं "मावशी" म्हणाली, पण आवाज ऐकून मी कढईखालचा गॅस बंद करून गेले.

चौदा स्लाइडच्या एकोणीस झाल्या होत्या. पहिल्या स्लाइडवर विद्यापीठाच्या नावाभोवती कबुतरं उडत होती, ती मार्सेयच्या चुलतभावानं सोडलेली. पाचव्या स्लाइडवरच्या आकड्यांची कोणी बेरीज तपासून शेवटी "बरोबर आहे" असं लिहिलं होतं. आणि दुसरी स्लाइड, काय सांगू? एकतीस नावं. आईचा फोटो, त्याभोवती लुकलुकणारे दिवे. दोन गुलाब. सगळ्यात वर झहूर आत्या, "जिच्या मांडीवर मी लहानाची मोठी झाले", तीही आईच्या वर. फक्त आत्याचं नाव अर्धंच होतं. "झहू" एवढंच उरलेलं.

"हे गुलाब," वसीला म्हणाली, "माझ्या स्लाइडवर गुलाब."

मला हसू आवरेना. मी तोंडात ओढणी कोंबली. "मुकदादच्या बायकोचे असणार," म्हटलं. "तिच्या पडद्यांवरही तेच आहेत."

"मावशी, उद्या आहे माझं."

मग मात्र मला भीती वाटली. मी म्हटलं, आता हे एकेक वेचून काढायचं कसं? ती म्हणाली, "काढायचं नाही. मागे जायचं." तिनं एक बटण दाबलं आणि पडद्याच्या बाजूला एक यादी उघडली. कोणी, कधी, काय बदललं, सगळं ओळीनं. नाव आणि शेजारी ज्याचा त्याचा छोटा फोटो.

"म्हणजे ही चोर पकडायची वही आहे," मी म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले. असली करमणूक रोज मिळत नाही.

आम्ही शुक्रवारपासून सुरुवात केली. दुपारी दोनला आत्या आली, स्वतःला खाली बसवलं. पावणेतीनला परत आली, स्वतःला आईच्या वर बसवलं. तीनला गुलाब. साडेतीनला कबुतरं. चार वाजता मुकदाद आला आणि त्यानं एक ओळ लिहिली. ओळ कसली, मालगाडी. वसीलानं मोठ्यानं वाचली. "माझ्या शिक्षणाच्या प्रत्येक पावलावर डोंगरासारखे पाठीशी उभे राहिलेले, स्वतः खस्ता खाऊन मला शिकवणारे, माझ्या यशाचे खरे शिल्पकार, माझे परमपूज्य वडील हाज अम्मार यांना."

तिचं तोंड दगडासारखं झालं. मी म्हटलं, "त्याचा हेतू वाईट नसेल गं. बापाची लाज राखायला गेला."

"डोंगरासारखे," ती म्हणाली.

मग मलाच आठवलं. "पण ही ओळ आत्ता कुठे होती? एकतीस नावांत मला दिसली नाही."

तिनं परत आत्ताची स्लाइड बघितली. खरंच नव्हती. ती यादीत पुढे सरकली. शनिवार, पहाटे पाच वाजून बावीस मिनिटं. नावाशेजारच्या छोट्या गोलात माणसाचा चेहरा नव्हता, एक लाल तोंडाचा पक्षी होता.

आम्ही दोघी त्या पक्ष्याकडे बघत राहिलो.

मुकदादनं बापाला फोन घेऊन दिला तेव्हा फोटो कुठला लावू म्हणून विचारलं होतं. हाज अम्मार म्हणाले होते, माझं तोंड कोणाला बघायचंय, मकनीनचं लाव.

"चुकून बोट लागलं असेल," मी म्हटलं. "त्यांना कुठे दिसतंय."

"चुकून एवढी लांब ओळ पुसली जात नाही, मावशी. हे बघ ना. तीनदा आलेत. आधी अर्धी पुसली. मग बोट घसरलं आणि आत्याचं अर्धं नाव उडालं. मग परत येऊन उरलेली पुसली. बारा मिनिटं लागलीत. बाकी कशालाही हात नाही लावला. गुलाबसुद्धा ठेवलेत."

तिनं यादी परत वर सरकवली. मग म्हणाली, "मी स्वयंपाकघरात भाकरी भाजत होते. ते पिंजऱ्यापाशी फोन नाकाला लावून बसलेले. मला वाटलं, पक्ष्यांचे व्हिडिओ बघतायत. मी विचारलंसुद्धा, बाबा, आज पक्षी ओरडत नाही का? तर म्हणाले, आज गप्प आहे."

"त्यांनी तुझं सगळं वाचलं असेल?"

"नववी वाचली असणार," ती म्हणाली.

मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. आपल्याबद्दल लिहिलेली एवढी मोठी स्तुती, सगळ्या गावासमोर झळकणार होती. कोणी पुसली असती? मी तर चौकटीत घालून भिंतीवर टांगली असती. आणि त्या म्हाताऱ्यानं मोतीबिंदूच्या डोळ्यांनी बारा मिनिटं खपून ती काढून टाकली, का, तर ती खरी नव्हती. आणि हे तो लेकीला बोलला नाही. अठ्ठावीस वर्षं दोघं एका घरात, आणि बोलणं कुठे झालं तर या यादीत.

वसीलानं गुरुवारची फाइल परत आणली. कबुतरं गेली, गुलाब गेले, एकोणीसच्या चौदा झाल्या. मग लिंकवर "फक्त बघता येईल" असं केलं आणि स्वतःच्या कपाळावर एक चापट मारून घेतली. शेवटी स्वतःपुरती वेगळी प्रत काढून दुसरी स्लाइड उघडली. वर एकच ओळ, "आईला". खाली कोरी जागा, त्यात ती उभी रेघ लुकलुकत होती.

"मावशी," ती म्हणाली, "तुझी कढई थंड झाली असेल."

म्हणजे जा. मी गेले. काय लिहिलं, लिहिलं की नाही, मला दिसलं नाही, आणि मी दिवसभर तीनदा चहा घेऊन गेले तरी तिनं दाखवलं नाही.

घरच्या ग्रुपवर मात्र आग लागली. झहूर आत्यानं पाच मिनिटांचा निरोप बोलून पाठवला, त्यातली पहिली दोन मिनिटं नुसते उसासे होते. दुपारी मुकदाद दुकानात आला.

"बाबांचं नाव तू काढलंस?"

"मी नाही काढलं."

"मग कोणी काढलं?"

"घरी जाऊन पक्ष्याला विचार," वसीला म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह घेतला.

सोमवारी मी नऊ वाजताच हॉलमध्ये टेबल मांडलं. जौझिया, मकरूद, बकलावा, बदामाच्या वड्या. वर पांढरं कापड. गल्ली सगळी आलेली. आत्या रुसलेली होती, पण पहिल्या रांगेत बसून रुसलेली. हाज अम्मार येणार की नाही, कोणाला माहीत नव्हतं. ते तसं काही बोललेच नव्हते.

दहाला दहा कमी असताना दार उघडलं. वसीला आत आली, निळ्या कपड्यांत, आणि मागून हाज अम्मार, इस्त्रीच्या पांढऱ्या झग्यात. लॅपटॉपची पिशवी त्यांच्या हातात होती. मुकदाद गाडी घेऊन दारात उभा होता म्हणे, पण म्हातारा ऐकेना. पिशवी उचलली आणि बसथांब्याकडे चालायला लागला, मग ती मागून गेली. पिशवी त्यांनी व्यासपीठावर नेऊन ठेवली आणि चाचपडत येऊन माझ्या शेजारी बसले. मला सलाम केला. या खेपेला पोस्टमन समजून नसावा.

दिवे मंद झाले. पहिली स्लाइड, विषय आणि नाव. मग दुसरी आली आणि नेहमीप्रमाणे मागच्या रांगेपर्यंत माना उंच झाल्या.

दोनच ओळी होत्या. माझं नाव नव्हतं, ते आधीच सांगून टाकते, आणि ते मी तिला अजून ऐकवते. पण तेव्हा मला तेही सुचलं नाही.

हाज अम्मार डोळे बारीक करून बघत होते. त्यांना फक्त पांढरा चौकोन दिसत असणार. ते माझ्याकडे झुकले.

"फतीहा, काय लिहिलंय?"

"आईला."

"हं," ते म्हणाले. मान हलवली, जसं काही हेच बरोबर होतं. मग थोड्या वेळानं म्हणाले, "अजून पुढे जात नाही ती. अजून काही आहे का?"

"आहे. खाली एक ओळ आहे."

"काय?"

"वडिलांना."

ते आणखी जवळ झुकले.

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"नीट बघ, फतीहा. पुढे काय लिहिलंय?"

"काहीच नाही, हाज. एकच शब्द आहे. संपली ओळ."

त्यांनी चष्मा काढला आणि झग्याच्या बाहीनं पुसायला घेतला. पुसत राहिले, पुसत राहिले, तोवर वसीला चौथ्या स्लाइडवर पोचलीसुद्धा. तिचा आवाज खणखणीत होता. निकालाला अजून तासभर होता. मी कापडाचा कोपरा उचलला, खालून जौझियाचा एक मोठा तुकडा काढला आणि म्हाताऱ्याच्या हातात ठेवला. समोरून एका परीक्षकांनी बघितलं. बघू दे म्हटलं.